रिलेच गेला असेल

गाडीचे दिवे विझले की माणसं बॉनेटभोवती गोळा होतात, आणि कुणी मोबाइलचा टॉर्च लावायच्या आत एकजण बोलून मोकळा होतो, "रिले गेला असेल." बोलणाऱ्याने रिले आतून कधी पाहिलेला नसतो. बाहेरून तरी पाहिला असेल याची खात्री नसते. पण डॉक्टरांच्या "व्हायरल आहे"सारखं हे निदान सहसा चुकत नाही. रिले खरोखरच गेलेला असतो. नवा बसवतात, दिवे लागतात, चहा होतो. तो का गेला, असं कुणी विचारलंच तर बाकीचे त्याला आधी चहा संपवायला सांगतात.

माझ्या दाजींच्या जीपमधले रिले इतक्या नियमाने जाऊ लागले, की ताईच्या किराणा यादीत तूरडाळ, पोहे, रिले, साबण असा क्रम लागला.

दाजी बऱ्हाणपूरचे, आम्ही रावेरकडचे. मध्ये राज्याची हद्द आहे. ती पाट्यांवरच्या हिंदीवरून कळते, ताटावरून कळत नाही. १५ ऑगस्ट २००३ला खंडव्यातून वेगळं होऊन बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झालं खरं, पण सोयरिकींच्या हिशेबात ते खंडव्याचं कधी नव्हतंच. दाजींचं तिथे खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक बरंचसं धूलकोटकडचं. धूलकोट हे सातपुड्यातलं बाजाराचं गाव. होळीच्या तोंडावर भगोऱ्याचा बाजार भरतो तेव्हा ढोल-मांदळ आणि गर्दीने रस्ता बंद होतो. त्याच्या पुढचे काही रस्ते वर्षभर आपणहूनच बंद असतात. भोवती बारेला, भिलाला लोकांची घरं टेकड्यांवर विखुरलेली. त्या वस्त्यांना तिकडे फालिया म्हणतात. एका फालियातून दुसऱ्या फालियात जायचं म्हणजे टेकडी उतरा, नाला ओलांडा, पुन्हा टेकडी चढा. जूनमध्ये दाजी कपाशीचं बी उधारीवर देतात आणि कापूस घरात आला की वसुलीला निघतात. दिवसा माणसं रानात असतात. म्हणून वसुली संध्याकाळी. म्हणून अंधार. म्हणून फोकस.

फोकस म्हणजे बंपरवर लावलेले जादा दिवे. दाजींनी एका सरकारी लिलावात चारही चाकं ओढणारी जीप घेतली आणि तिला जेवणाच्या ताटलीएवढे दोन हॅलोजन लावून घेतले, प्रत्येकी १०० वॉटचे. आधी ते गाडीच्या नाकावरच्या लोखंडी गार्डला होते. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून असे क्रॅश गार्ड बेकायदा असल्याचं कळवलं. दाजी कायदा मानणारे. त्यांनी गार्ड काढला आणि फोकस बंपरला लावले.

कायदा तिथे संपत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १११वा नियम सांगतो, की नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय, आणि तीही अपवादात्मक परिस्थितीतच, गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. दाजींचं म्हणणं, "धूलकोटच्या पुढचा रस्ता हीच अपवादात्मक परिस्थिती आहे. साहेबांनी एकदा रात्री माझ्याबरोबर यावं, तिथल्या तिथे सही देतील." साहेब आले नाहीत. म्हणून दाजी डांबरी रस्त्यावर फोकसना काळ्या टोप्या घालून नेतात आणि डांबर संपलं की खाली उतरून काढतात.

साध्या दिव्यांसाठी १०६वा नियम आहे. दिव्याच्या पुढे आठ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल तो दिपता कामा नये. दाजींनी हा नियम फोकसलाही लावून बघायचं ठरवलं. अकरावीतल्या माझ्या भाच्याचा डोळा साधारण त्याच उंचीवर येतो. त्याला अंगणात मोजून उभा केला आणि बटण दाबलं.

"दिपतंय का रे?"

"माहीत नाही बाबा. मला काही दिसतच नाहीये."

चाचणी समाधानकारक ठरली.

आता रिलेबद्दल. काडेपेटीहून लहान काळी डबी, खाली चार पाय. पायांना नंबर असतात, पण एक-दोन-तीन-चार नव्हे. ३०, ८५, ८६, ८७. मोटारींच्या तारांच्या टोकांना नंबर देण्याची ही जर्मन पद्धत. ३०वर बॅटरीची तार येते, ८७वरून दिव्याला जाते, आणि ८५ व ८६च्या मध्ये तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. दोन फोकस मिळून २०० वॉट. बारा व्होल्टने भागलं की सतरा अँपिअरच्या आसपास येतात. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या नखाएवढ्या बटणातून नेला तर बटण वितळेल. म्हणून बटणातून फक्त गुंडाळीपुरता प्रवाह जातो, तोही अँपिअरच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. गुंडाळीचं चुंबक होतं, ते वरची पत्री ओढून घेतं, टक् असा आवाज येतो, ३० आणि ८७ एकमेकांना टेकतात आणि सातपुडा उजळतो.

इथपर्यंत सगळं सुरळीत. गोम पहिल्या क्षणात आहे. बल्बची तार थंड असताना प्रवाहाला फारसा विरोध करत नाही. बटण दाबल्याच्या क्षणी ती नेहमीच्या दहापट प्रवाह ओढू शकते, मग तापते आणि सभ्य होते. त्या क्षणाचा सगळा मार रिलेच्या आतल्या दोन ठिपक्यांवर बसतो. मी एक मेलेला रिले पकडीने फोडून पाहिला. गुंडाळी नवीकोरी, लखलखीत. तिच्या डोक्यावर पत्री, पत्रीला चिमुकली स्प्रिंग, आणि पत्रीच्या टोकाला चांदीमिश्र धातूचा दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका. समोर तसाच दुसरा. एकाला मधोमध काळा खड्डा पडला होता आणि दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा आला होता. खड्ड्यातला माल उडून समोर जाऊन बसला होता. कडेने काजळी, आणि काजळीवर धूलकोटची लाल धूळ. डबीवर मात्र ठळक अक्षरात "३० अँपिअर" छापलेलं. छापायला काही लागत नाही.

दाजींचे रिले तीन तऱ्हांनी गेले. काही नुसते गप्प झाले. बटण दाबा, टक् नाही, उजेड नाही. काही चिकटून बसले. म्हणजे ठिपके तापून एकमेकांना जोडले गेले आणि बटण बंद केलं तरी दिवे चालू. आणि काही आधी काही दिवस टर्रर्र करून मग गेले. या टर्ररकडे कुणी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात नवा रिले मिळत होता.

चिकटलेल्या रिलेची रात्र अजून त्यांच्या गल्लीत सांगितली जाते. दाजी वसुलीहून मध्यरात्री आले, किल्ली काढली, बटण बंद केलं, आणि समोरच्या घरावर फोकस तसेच तळपत राहिले. त्या घरात सकाळी हळद होती. मंडळी उजाडलं समजून उठली. एका आजीने चुलीवर पाणीसुद्धा ठेवलं. दाजींनी बटण पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं, मग गाडीला समजावलं. दिवे ढिम्म. ताई गॅलरीतून म्हणाली, "अहो, बॅटरीची तार काढा." दाजींनी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, बॉनेट उघडलं आणि पायातली चप्पल काढून रिलेच्या डोक्यात हाणली. दिवे गेले. यात चमत्कार काही नाही. हलकेच चिकटलेले ठिपके धक्क्याने सुटतात, मिस्त्री हेच काम पेचकसाच्या मुठीने करतात. पण गल्लीत तेव्हापासून असं मानतात, की दाजींच्या गाडीला तांत्रिक ज्ञानापेक्षा धाक जास्त कळतो.

रिले वारंवार जातो म्हटल्यावर ज्याला त्याला कारण सुचू लागलं. कारणं सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई नसते.

पहिलं कारण पार्टच्या दुकानदाराचं. "भैया, वो डुप्लिकेट था. ओरिजनल लो." दाजींनी ओरिजनल घेतला. तोही गेला. दुकानदाराने तो हातात घेऊन उलटासुलटा केला, वास घेतला आणि खेदाने म्हणाला, "इस गाडी को ओरिजनल सूट नहीं होता."

दुसरं कारण उस्तादांचं. उस्ताद म्हणजे बाजारातले गाडीच्या वायरिंगचे मिस्त्री. हातात कायम दोन तारांना लावलेला बल्ब, त्याला टेस्ट लॅम्प म्हणतात. उस्तादांनी रिलेकडे बघितलंसुद्धा नाही. "कटआऊट ज्यादा चार्ज मार रहा है." कटआऊट म्हणजे डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारी डबी, आणि हे कारण खोटं नाही. डायनॅमो बॅटरीला पंधरा व्होल्टच्या वर पाठवू लागला तर बल्ब आणि गुंडाळ्या दोन्ही लवकर जातात. कटआऊट बदलला. आता भाच्याकडे शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला मल्टिमीटर होता. त्याने आधी मोजलं होतं १४.२, नव्या कटआऊटनंतर मोजलं १४.२. उस्ताद त्याच्याकडे बघून म्हणाले, "बेटा, मीटर झूठ बोलता है, बल्ब नहीं बोलता." भाचा मनातून दुखावला. त्याने गाडीतली प्रत्येक तार मीटरने तपासली, दिवे बंद ठेवून, कारण बॅटरी उतरू नये. जिथे तिथे १२.६. सगळं ठीक. आणि दोन दिवसांत पुन्हा रिले गेला. उस्तादांचं वाक्य वाटतं तितकं अडाणीपणाचं नव्हतं, हे पुढे कळायचं होतं.

तिसरं कारण ताईच्या सासूबाईंचं. त्यांना आम्ही मावशी म्हणतो. "गाडीला दृष्ट लागते. एवढे मोठाले डोळे लावल्यावर लागणारच." त्यांनी दर शनिवारी बंपरला लिंबू-मिरची बांधायला सुरुवात केली. त्यांच्या हाताला जवळ पडेल असा डाव्या बाजूचा एक बोल्ट होता, त्याला. जुनं लिंबू त्या काढत नसत, आपोआप गळून पडावं असं शास्त्र आहे.

चौथं कारण शेजारच्या काकांचं. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे रिले या विषयावर गल्लीत त्यांच्याइतका अधिकार कुणाचा नाही. १७ जून २०१५ला इटारसीची रूट रिले इंटरलॉकिंग केबिन जळाली आणि महिनाभराहून जास्त दिवस मुंबईपासून हावड्यापर्यंत गाड्यांचे हाल झाले, शेकडो गाड्या रद्द झाल्या. ती हकीकत ते दोन कप चहात पुरी करतात. "आमच्या रिलेचं आर्मेचर वीज गेली की स्वतःच्या वजनाने खाली पडतं," काका म्हणाले, "आणि सिग्नल लाल होतो. म्हणजे बिघडला तरी गाडी सुरक्षित उभी."

"आमचा बिघडला की गाडी नाल्यात," दाजी म्हणाले.

भाच्याने पाचवं कारण काढलं. त्याच्या संगणकाच्या मास्तरांनी सांगितलं होतं, की ९ सप्टेंबर १९४७ला अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू संगणकात बिघाड झाला, शोधता शोधता सत्तर नंबरच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला, आणि लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. बाबांच्या रिलेतही मुंग्या शिरत असतील. कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये मुंग्या आणि पाली शिरून मोटार बंद पडते, हे कुठलाही शेतकरी सांगेल. पण दाजींचं लक्ष दुसरीकडेच गेलं.

"सत्तर नंबरचा म्हणजे त्यात किमान सत्तर रिले होते?"

"हजारो होते बाबा."

"आणि गेला एकच? कुठल्या दुकानातून घेतले होते?"

आणि सहावे नाना. नाना मध्य प्रदेश विद्युत मंडळातून लाइन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कुठलीही अडचण सांगा, ते डोळे मिटून म्हणतात, "अर्थिंग बघा." फ्रिज वाजतो? अर्थिंग बघा. टीव्हीवर मुंग्या येतात? अर्थिंग. दाजींच्या गुडघ्यात कळ यायची तेव्हाही ते "अनवाणी चालत जा थोडं, अर्थिंग मिळतं" असं म्हणाले होते. रिलेबद्दलही तेच म्हणाले. अर्थातच कुणी बघितलं नाही. कायम एकच उत्तर देणारा माणूस एखाद्या दिवशी बरोबर असतो, पण नेमका कुठल्या दिवशी, हे कळायची सोय नसते.

मधल्या काळात प्रत्येकाचं ऐकून गाडीत सुधारणा होत गेल्या. रिले आधी आडवा होता, मग पाय वर करून उलटा लावला, का तर "हवा लागेल". प्रत्यक्षात त्यात पावसाचं पाणी साठू लागलं, कारण ज्या डबीचं तोंड खाली हवं तिचं तुम्ही वर केलंत तर ती वाटीच होते. मग त्यावर काळी पट्टी गुंडाळली. पाणी जायची वाट बंद झाली, यायची राहिली. नंतर कुणीतरी डायोड असलेला रिले आणला. त्याला प्लस-मायनस कळतं. तो ८५-८६ उलटे जोडून बसवला, आणि बटण दाबताच फ्यूज गेला. फ्यूज पुन्हा जाऊ नये म्हणून त्या जागी तार बांधली. हा टप्पा आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीत येतोच. तारेने प्रश्न सुटत नाही, फक्त धूर कुठून येणार ती जागा बदलते. यावेळी तो सॉकेटमधून आला.

माझी आणि त्या जीपची धूलकोटकडची गाठ दिवाळीनंतरची. मी ताईकडे गेलो होतो. दाजी म्हणाले, "चला, तुम्हाला सातपुडा दाखवतो." पाव्हण्याला असं बोलावतात तेव्हा मागच्या सीटवर वसुलीची वही ठेवलेली असते. वाटेत दाजी मला बऱ्हाणपूरचा इतिहास सांगत होते. १६१५ साली, जहांगीरच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलं, त्याला कुंडी भंडारा म्हणतात. पंप नाही, मोटार नाही, नुसता उतार. चारशे वर्षं झाली, पाणी अजून वाहतंय. "आणि आपण?" असं म्हणून त्यांनी डांबर संपलं तिथे गाडी थांबवली, टोप्या काढल्या आणि बटण दाबलं.

टर्रर्रर्र.

बॉनेटखालून आवाज येत होता. फोकस लागत नव्हते आणि विझतही नव्हते, नुसते फडफडत होते. दाजींनी खिशातून नवा रिले काढला. ते तीन-चार जवळ बाळगूनच होते. तो बसवला. टर्रर्र. दुसरा बसवला. टर्रर्र. बटण बंद केलं. अंधार असा पडला, की शेजारी दाजी बसलेत हे मला त्यांच्या उसाशावरून कळलं.

तेवढ्यात चढावरून एक माणूस खाली आला. खांद्यावर घोंगडी, हातात दुधाची किटली. अंधारात उभी गाडी पाहून त्याला ती दुधाची वाटली होती. अगदी जवळ आल्यावर त्याने दाजींना ओळखलं आणि जागच्या जागी थबकला. दाजींनीही त्याला ओळखलं. वहीत त्याचं एक सबंध पान होतं.

"अरे वा," दाजी म्हणाले, "तू तर बऱ्याच दिवसांनी सापडलास."

त्या माणसाने किटली खाली ठेवली. बाका प्रसंग. त्याने विषय बदलायचा ठरवला, आणि मी पाहिलेल्या विषय बदलण्याच्या तऱ्हांमध्ये ही सर्वांत उपयोगी निघाली. त्याने विचारलं, "गाडी को क्या हुआ सेठ?"

"रिले गेला."

"जरा बटन दबाओ."

टर्रर्र. त्याने बॉनेटवर कान टेकवला. एवढंसं ऐकलं आणि मान हलवली. "ये गया नहीं है सेठ. इसको होल्टेज नहीं मिल रहा. हमारी मोटर का स्टार्टर रोज ऐसाच बोलता है."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. आमच्यात इतके जाणकार झाले, दुकानदार, उस्ताद, सिग्नलवाले काका, मल्टिमीटर. पण रिलेचं म्हणणं कान देऊन कुणी ऐकलं नव्हतं. ज्याच्या शेतात रात्रीची लाइन येते, आणि तीही अर्ध्या ताकदीची, त्याला टर्रर म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. मोटारीच्या स्टार्टरमध्ये हीच गुंडाळी आणि हेच ठिपके असतात, फक्त आकार थोरला. वीज पुरेशी नसली की गुंडाळी पत्री ओढते आणि धरून ठेवू शकत नाही. ओढते, सोडते, ओढते, सोडते.

"अर्थ किधर दिया?" त्याने विचारलं.

मी मोबाइलचा टॉर्च धरला. दोन्ही फोकसच्या काळ्या तारा आणि रिलेच्या ८५ नंबरची तार अशा तिन्ही येऊन बंपरच्या एकाच बोल्टला मिळाल्या होत्या. डाव्या बाजूच्या. त्या बोल्टला लिंबू-मिरची लटकत होती. एक ताजं लिंबू, त्याच्यामागे वाळलेलं, त्याच्यामागे कुजलेलं आणि मिरच्यांची देठं. काही शनिवारांचा रस पाझरून, त्यावर पाऊस आणि धूळ बसून, बोल्ट हिरवट-तपकिरी झाला होता. खाली बंपरचा रंग न खरवडता थिंबल, म्हणजे तारांच्या टोकाची धातूची कडी, बसवलेली, म्हणजे लिंबाच्या आधीही तिथे काही फार चांगलं चाललेलं नव्हतं. त्या माणसाने थिंबल दोन बोटांनी फिरवली. ती गरगर फिरली.

नाना त्या क्षणी बऱ्हाणपुरात शांत झोपले असतील.

काय होत होतं ते सांगतो, कारण ते कळल्यावर मला रिलेची दया आली. बटण दाबलं की गुंडाळी पत्री ओढणार. ठिपके टेकणार. दोन्ही थंड बल्ब एकदम भरमसाट प्रवाह मागणार, आणि तो सगळा त्या सडक्या बोल्टमधून बॅटरीकडे परतायला बघणार. गंजलेल्या जोडावरच व्होल्टेज खर्च होणार. रिलेच्या गुंडाळीचा परतीचा रस्ताही तोच, त्यामुळे तिच्या वाट्याचे व्होल्ट पळाले. साधारण सात-आठ व्होल्ट असल्याशिवाय असा रिले ओढत नाही, आणि त्याहून पार खाली गेलं की ओढलेलंही सोडतो. गुंडाळीने पत्री सोडली. प्रवाह तुटला, ठिपक्यांत ठिणगी उडाली. प्रवाह तुटताच बोल्टवरचा भार गेला, गुंडाळीला पुन्हा बारा व्होल्ट मिळाले, तिने पुन्हा ओढलं. एका सेकंदात हे कितीतरी वेळा, प्रत्येक वेळी एक ठिणगी. भाच्याने दिवे बंद ठेवून मोजलं तेव्हा बोल्टमधून काही जातच नव्हतं, मग मीटरला १२.६च दिसणार. उस्तादांचा टेस्ट लॅम्प तिथे लावला असता तर तो प्रवाह मागता मागता मिणमिणला असता आणि खरं सांगून गेला असता. पण उस्तादांनी तो बॅटरीवर लावून खिशात टाकला होता.

गाडीत तारेचं भेंडोळं होतं. त्या माणसाने बॅटरीच्या मायनसपासून तार ओढली, दातांनी सोलली आणि तिन्ही काळ्या तारांशी पीळ देऊन बांधली. थिंबल घट्ट करायला त्याने पाना लावला आणि वर बघितलं.

"पूरा कसूँ, के थोडा ढीला रखूँ सेठ?"

"पुरा कस!" दाजी म्हणाले. "ढीला कशाला?"

त्याने पुरा कसला. दाजींनी बटण दाबलं. टक्. एकदाच. आणि समोरची अख्खी टेकडी पांढरीफटक झाली. सागाची वाळकी पानं, कापसाच्या काड्या, वरच्या घराच्या भिंतीवरचं रंगवलेलं चित्र, सगळं. वरच्या घराचं दार आतून लागताना मी स्पष्ट पाहिलं.

दाजी खूश. इतके खूश, की त्या माणसाने "सेठ, मजूरी?" असं हळूच विचारल्यावर त्यांनी वही उघडून त्याच्या पानावरचं व्याज खोडून टाकलं. मुद्दल राहिलं. किटली उचलून तो चढ चढून गेला. मागे वळून त्याने एकदा फोकसकडे पाहिलं, जरा जास्तच कौतुकाने.

बऱ्हाणपुरात आल्यावर रीतसर काम झालं. उस्तादांनी बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, नवी थिंबल दाबून बसवली, वर व्हॅसलीन चोपडलं. प्रत्येक फोकसला वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज दिला, फ्यूज बॅटरीला लागून. ८५ची तार दिव्यांच्या अर्थपासून सोडवून थेट मायनसला नेली. जाडी चार स्क्वेअर एमएम. रिलेचे पाय खाली. दिवे चालू ठेवून भाच्याने बॅटरीचा मायनस आणि फोकसची पत्री यांच्यात मीटर धरलं. कामाआधी, रानात बांधलेली तार सोडवून, जुन्या जोडणीवर असंच मोजलं होतं तेव्हा चार व्होल्टच्या वर, आता ०.१. उस्ताद म्हणाले, "मैं तो पहले से बोल रहा था." पहिल्यापासून असं नक्की कोण बोलत होतं यावर गल्लीत अजून वाद आहे. नानांनी गुडघ्याचा विषय पुन्हा काढला. मावशींचं म्हणणं, लिंबानेच दोष दाखवून दिला, नाहीतर त्या बोल्टकडे बघितलं कुणी असतं? लिंबू आता मागच्या सीटला बांधतात. ताईने यादीतून रिले खोडला.

त्यानंतर जो वसुलीचा फेरा झाला, त्यालाही मी बरोबर होतो. रस्ता दिवसासारखा दिसत होता. दगड, खड्डे, बैल, नाल्यातलं पाणी किती, सगळं कळत होतं. आम्ही पहिल्या फालियात पोचलो. दाराला कडी. चुलीत निखारे होते, भाकरी तव्यावर होती, माणूस नव्हतं. दुसऱ्या फालियात कुत्रं होतं. तिसऱ्यात तेही निघून गेलं होतं. पलीकडच्या टेकडीच्या उतारावर आमच्याच उजेडात चार-पाच माणसं सावकाश, गप्पा मारत, रानात शिरताना दिसली.

घरी सापडला तो एकटाच, व्याज माफ झालेला. खाटेवर बसून विडी ओढत होता. त्याने उठून रामराम केला, आम्हाला पाणी दिलं आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"बहोत बढिया लाइट हुई सेठ," तो म्हणाला. "अब तो तुम घाट उतरते हो ना, वहीं से सबको दिख जाते हो."

दाजींनी वही मिटली. परत निघताना बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग नाल्याशी गाडी थांबवून मला म्हणाले, "तो त्या दिवशी ढीला रखूँ का, असं विचारत होता, तेव्हा तुम्ही का नाही काही बोललात?"